वाचकांचे प्रश्न : थर, आम्ल आणि खालचा धातू

स्वच्छतेच्या रसायनांविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत ‘कोणते रसायन वापरू?’ एवढेच विचारलेले आहे. थर कशाचा आहे आणि तो कोणत्या धातूवर बसला आहे, हे फार थोड्यांनी कळवले आहे. या दोन गोष्टी ठाऊक नसताना रसायन सुचवणे म्हणजे नाडी न पाहता औषध देण्यासारखे आहे. म्हणून ज्या पत्रांत निदान तर्क करता येण्याइतका तपशील होता, तीच येथे उत्तरासाठी घेतली आहेत.

प्रश्न : विजेच्या किटलीत पांढरा टणक थर बसतो. सायट्रिक आम्ल घालून पाणी बराच वेळ उकळले. जुना थर गेला, पण तळाला निराळाच पिठूळ पांढरा लेप बसला आणि तो आता त्याच आम्लाने निघत नाही. याहून जहाल आम्ल घ्यावे का?

उत्तर : आपला जुना थर कॅल्शियम कार्बोनेटचा होता. दुष्फेन पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि अविद्राव्य कार्बोनेट सर्वांत गरम पृष्ठभागावर, म्हणजे तळावर किंवा कॉइलवर, चिकटून बसते. सायट्रिक आम्लाने त्याला विरघळवले हे खरे, परंतु त्यातून तयार होणारे कॅल्शियम सायट्रेट मुळातच पाण्यात फार थोडे विरघळते, आणि बहुतेक पदार्थांच्या उलट, पाणी जितके गरम तितकी त्याची विद्राव्यता कमी होते. आपण द्रावण उकळले, त्यामुळे सुटलेले कॅल्शियम सायट्रेटच्या रूपाने पुन्हा तळाला बसले. आम्ल सौम्य पडले असे येथे झालेले नाही. दोष उकळण्याचा आहे.

हा नवा लेप काढण्यासाठी सल्फामिक आम्लाचे सुमारे पाच टक्क्यांचे द्रावण थंड किंवा जेमतेम कोमट स्थितीत वापरावे, कारण कॅल्शियम सल्फामेट पाण्यात सहज विरघळते. मात्र हे आम्लही उकळू नये. साधारण ६० अंश सेल्सियसच्या पुढे त्याचे पाण्याबरोबर विघटन होऊन सल्फेट तयार होऊ लागते, आणि सल्फेट कॅल्शियमला भेटले की पाण्यात फारसे न विरघळणारे जिप्सम बनते. याच कारणाने गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल, कितीही जहाल असले तरी अशा थरावर निरुपयोगी ठरते : थराच्या वरच्या अंगाला जिप्समचा पापुद्रा धरतो आणि आतला कार्बोनेट आम्लापासून झाकला जातो. पुढच्या वेळी सायट्रिक आम्ल वापरायचेच असेल तर एका लिटरला २५ ते ३० ग्रॅम घ्यावे, पाणी कोमट ठेवावे आणि काम झाल्यावर द्रावण लगेच ओतून द्यावे. पाच टक्क्यांचे व्हिनेगरही चालते. हिशेबाने त्याचा एक लिटर सुमारे ४० ग्रॅम कार्बोनेट विरघळवू शकतो. प्रत्यक्षात शेवटी शेवटी वेग इतका मंदावतो की त्याच्या निम्म्यावर समाधान मानावे. कोणतेही आम्ल वापरले तरी किटली दोन-तीनदा धुवून, एकदा साधे पाणी उकळून ते फेकून द्यावे.

प्रश्न : आमच्या कारखान्यातील हीट एक्सचेंजर पोलादी नळ्यांचा आहे. क्षरणरोधक घातलेले हायड्रोक्लोरिक आम्ल त्यातून रात्रभर फिरवले, थर पूर्ण गेला, तरीही नळ्यांची जाडी घटलेली आढळली आणि पाणी काढून टाकल्यावर काही तासांत आतून तांबूस गंज चढला. क्षरणरोधक बनावट होता का?

उत्तर : तसे असू शकते, परंतु आपण कळवलेल्या लक्षणांसाठी ते गृहीत धरण्याची गरज नाही. क्षरणरोधकाचे रेणू उघड्या धातूवर चिकटतात आणि आम्लातील हायड्रोजन आयनांना तेथे पोहोचू देत नाहीत. थरात मात्र क्षारांबरोबर जुना गंज असतो. तो आम्लात विरघळला की फेरिक आयन, म्हणजे तीन धन प्रभाराचे लोह, द्रावणात येते, आणि हे आयन स्वतःच लोखंडाला खातात : दोन फेरिक आयन धातूतला एक अणू ओढून घेतात आणि तिघेही फेरस, म्हणजे दोन धन प्रभाराचे, होतात. या क्रियेत हायड्रोजन आयनांचा संबंधच येत नसल्यामुळे नेहमीचे क्षरणरोधक तिच्यापुढे फारसे चालत नाहीत. गंजाचे प्रमाण मोठे असेल तर द्रावणात स्टॅनस क्लोराइड किंवा एरिथॉर्बिक आम्लासारखे क्षपणक घालून फेरिकचे फेरस करून टाकतात.

दुसरी गोष्ट वेळेची. ‘रात्रभर’ हे मोजमाप रासायनिक स्वच्छतेत कोठेही बसत नाही. दर अर्ध्या तासाने द्रावणाचा नमुना घेऊन आम्लाची तीव्रता आणि त्यातील लोह, या दोन्ही गोष्टी पाहायच्या असतात. थर विरघळत असेपर्यंत आम्ल खर्च होत राहते. तीव्रता लागोपाठच्या दोन-तीन नमुन्यांत स्थिर राहिली, म्हणजे विरघळण्यासारखे काही उरले नाही. त्यानंतरही लोह वाढतच असेल, तर ते आता नळीतून येत आहे असे समजून तत्काळ थांबावे. शंभर ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटला ७३ ग्रॅम शुद्ध हायड्रोक्लोरिक आम्ल लागते. थराची जाडी आणि नळ्यांचे क्षेत्रफळ यांवरून थराचे वजन अंदाजता येते, तेव्हा किती आम्ल खर्च व्हायला हवे याचा हिशेब आधीच मांडून ठेवणे कठीण नाही. त्याच शंभर ग्रॅमातून सामान्य तापमानाला सुमारे २४ लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून सर्वांत वरच्या ठिकाणी वायू बाहेर जाण्याची वाट मोकळी ठेवावी लागते. धातूवरील क्रियेतून हायड्रोजनही येत असल्याने जवळपास ठिणगी वा ज्योत असू नये.

थर हायड्रोक्लोरिक आम्लाने जाणारा आहे की नाही, हेही आधी पाहावे. एक ढलपी काढून तिच्यावर आम्लाचा थेंब टाकावा. जोराने फसफसली तर कार्बोनेट. काहीच हालचाल झाली नाही तर जिप्सम किंवा सिलिका असण्याचा संभव अधिक. जिप्समवर प्रथम गरम धुण्याच्या सोड्याचे द्रावण फिरवून त्याचे कार्बोनेटमध्ये रूपांतर करतात आणि मग आम्ल वापरतात. सिलिकेसाठी फ्लोराइडयुक्त आम्ले लागतात. ती त्वचेतून आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधतात, आणि प्रशिक्षित माणसे व कॅल्शियम ग्लुकोनेटचा मलम हाताशी असल्याखेरीज त्यांच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही तासांत आलेल्या गंजाचे कारण साधे आहे. आम्लाने उघडे पाडलेले ताजे पोलाद ओले असतानाच हवेच्या संपर्कात आले. आम्ल काढल्यावर भरपूर पाण्याने धुवावे, मग सायट्रिक आम्लाचे अगदी सौम्य, ०.१ ते ०.२ टक्क्यांचे द्रावण फिरवून नुकताच धरलेला गंज काढावा, त्यानंतर अमोनियाने सामू (पीएच) ९ च्या थोडा वर नेऊन सुमारे अर्धा टक्का सोडियम नायट्राइट घालावे. त्याने पृष्ठभागावर ऑक्साइडचा संरक्षक पापुद्रा धरतो. नायट्राइट मात्र सामू वाढवल्यावरच घालायचे असते. आम्लात ते पडले तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे तांबूस, विषारी धूर निघतात.

प्रश्न : टाक्या व नळ्या धुताना आधी कॉस्टिक आणि मग आम्ल असा क्रम आम्हांला सांगितला गेला. उलटा क्रम ठेवला तर काय बिघडते? कॉस्टिकची मात्रा वाढवून आम्लाचा टप्पा गाळता येईल का?

उत्तर : आपल्या टाक्यांत स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि खनिज क्षार असा मिश्र थर बसत असेल, असे पत्रावरून दिसते. कॉस्टिक सोडा स्निग्ध पदार्थांचा साबण करतो आणि प्रथिनांना फुगवून सोडवतो. खनिज क्षारांवर त्याचा काही परिणाम होत नाही, आणि म्हणून मात्रा कितीही वाढवली तरी आम्लाचा टप्पा टळत नाही. आम्ल प्रथम वापरले तर ते वरच्या तेलकट आवरणातून आत पोहोचत नाही आणि प्रथिने आम्लात गोठून अधिक घट्ट बसण्याचा धोका असतो. अतिशय गरम पृष्ठभागांवर, जेथे थरात खनिजाचेच प्राबल्य असते, तेथे काही वेळा आम्ल आधी वापरतात. तो अपवाद समजावा.

मात्रा वाढवण्याविषयी आणखी एक. हर्बर्ट झिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ च्या सुमारास धुलाईचे चार घटक एका वर्तुळात मांडले : रसायन, तापमान, वेळ आणि यांत्रिक घासणी. एक घटक कमी केला तर बाकीच्यांनी ती उणीव भरून काढावी लागते. दीड टक्का कॉस्टिक ७० ते ८० अंशांवर, नळीतून सेकंदाला दीड मीटर किंवा अधिक वेगाने फिरत असेल, तर पाच टक्क्यांच्या संथ द्रावणापेक्षा ते बहुधा अधिक काम करते. पंप लहान असल्याची भरपाई सोड्याने करण्याचा प्रयत्न मी अनेक ठिकाणी होताना पाहिला आहे. त्यात पुढची धुवण लांबते, एवढेच. दोन टप्प्यांच्या मधली धुवण पुरी झाली की नाही हे फिनॉल्फ्थॅलीनच्या दोन थेंबांनी कळते : गुलाबी रंग आला तर कॉस्टिक अजून शिल्लक आहे.

प्रश्न : स्टेनलेस स्टीलच्या सिंकमध्ये ब्लीच रात्रभर भरून ठेवल्यावर बारीक तपकिरी ठिपके पडले. ते काढण्यासाठी त्यावरच टॉयलेट क्लीनर ओतला, तेव्हा घसा जळेल असा वास आला. हे कशाने झाले?

उत्तर : तो वास क्लोरीन वायूचा होता. सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे ब्लीचमध्ये, आम्ल पडले की क्लोरीन मोकळा होतो, आणि अमोनिया असलेले द्रव पडले तर क्लोरामिने निघतात. असे पुन्हा कधी झाले तर त्यावर आणखी काही ओतू नये. खोलीतून बाहेर पडावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, वास पूर्ण जाईपर्यंत परत जाऊ नये, आणि खोकला किंवा धाप टिकून राहिली तर डॉक्टरांना दाखवावे. या गोष्टीत तडजोड नाही.

ठिपक्यांचे कारण क्लोराइड व हायपोक्लोराइट. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातील क्रोमियममुळे पृष्ठभागावर धरलेल्या, काही नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे. क्लोराइड तो ठिकठिकाणी फोडते आणि तेथे खड्डा खोल होत जातो. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते, म्हणजे तेही स्टीलला तितकेच घातक. तपकिरी डाग कोमट सायट्रिक आम्लाने किंवा सौम्य ऑक्झॅलिक आम्लाने जातील. खड्डे कोणत्याही रसायनाने भरून येत नाहीत.

प्रश्न : ॲल्युमिनियमची तेलकट जाळी कॉस्टिकमध्ये बुडवली तर फेस आला आणि ती काळी पडली. काळेपणा तेलाचा आहे का?

उत्तर : नाही. कॉस्टिकने तेल काढले आणि पाठोपाठ ॲल्युमिनियमही खाल्ले. फेस हायड्रोजनचा होता. मिश्रधातूतील तांबे, लोह, सिलिकॉन हे कॉस्टिकमध्ये न विरघळता भुकटीसारखे वर राहतात, तोच काळा लेप. कारखान्यांत तो नायट्रिक आम्लाने काढतात, घरी ओल्या घासणीने चोळून जितका जाईल तितका काढावा. यापुढे ॲल्युमिनियमसाठी सौम्य डिटर्जंट आणि गरम पाणी एवढेच वापरावे. बरे, बंद डब्यात भिजत ठेवली नव्हती हे चांगले झाले. साठलेल्या हायड्रोजनने झाकण उडू शकते.

प्रश्न : वापरून झालेले आम्ल चुन्याने किंवा सोड्याने उदासीन करून गटारात सोडले तर चालते का?

उत्तर : सामू सात झाला म्हणजे द्रावण निरुपद्रवी झाले, असे नाही. आम्लाने विरघळवलेले धातू त्यातच असतात. फेरिक लोह तपकिरी साका होऊन लवकर बसते, पण तांबे आणि जस्त खाली बसण्यासाठी सामू साधारण ९ पर्यंत न्यावा लागतो, आणि फार पुढे गेल्यास जस्त पुन्हा विरघळते. साका गाळून वेगळा ठेवावा, द्रव स्थानिक नियमांप्रमाणे सोडावा. धुण्याचा सोडा थोडाथोडा घालावा, नाहीतर कार्बन डायऑक्साइडच्या फेसाने पिंप उतू जाते. ईडीटीए (धातूंना बांधून ठेवणारे रसायन) किंवा सायट्रेट असलेले द्रावण मात्र या रीतीने साफ होत नाही, कारण धातू त्यांच्याशी बांधलेले राहतात आणि सामू कितीही वाढवला तरी पुरते खाली येत नाहीत. ते पहिल्यापासून वेगळ्या पिंपात साठवावे आणि रासायनिक कचरा हाताळणाऱ्या अधिकृत व्यवस्थेकडेच द्यावे.