मध्ययुगात इस्लामी आणि ख्रिस्ती तत्त्वज्ञांनी धर्म व राजसत्ता यांचं नातं वेगळं का मांडलं?

माझ्या मते एक मोठं कारण म्हणजे त्यांच्या हाताशी असलेले ग्रंथ. अ‍ॅरिस्टॉटलचा राज्यशास्त्रावरचा ग्रंथ अरबी तत्त्वज्ञांना मिळालाच नाही, म्हणून त्यांनी प्लेटोचा आधार घेतला. इस्लामी तत्त्वज्ञ फाराबीच्या (मृत्यू इ. स. ९५०) आदर्श नगरीचा प्रमुख तत्त्वज्ञही असतो आणि प्रेषितही. बुद्धीला जे सिद्धतेने कळतं तेच धर्म सामान्यांना प्रतिमांमधून सांगतो, असं तो म्हणतो.

मुस्लिम स्पेनमधला तत्त्वज्ञ इब्न रुश्द तर स्वतः सेव्हिल आणि कोर्दोबाचा काझी, म्हणजे न्यायाधीश, होता. त्याने प्लेटोच्या ‘रिपब्लिक’वर भाष्य लिहिलं. मूळ अरबी हरवलं, ते आपल्यापर्यंत आलं हिब्रू भाषांतरातून. त्यात तो स्पष्ट म्हणतो की आपल्या शहरांत स्त्रियांना फक्त मूल जन्माला घालण्यापुरतं ठेवतात आणि त्यामुळे ही शहरं दरिद्री राहतात. बाराव्या शतकात एका काझीने हे लिहावं! मला हा भाग फार मोलाचा वाटतो.

लॅटिन युरोपात अ‍ॅरिस्टॉटलचा तो ग्रंथ १२६०च्या सुमारास भाषांतरित झाला. शिवाय तिथे राजाशेजारी चर्च ही वेगळी, बलाढ्य संस्था उभी होती. त्यामुळे ‘श्रेष्ठ कोण, पोप की राजा?’ हाच झगडा झाला. ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञ अ‍ॅक्विनासने दोन्हींना आपापली जागा दिली, पण अंतिम ध्येय पारमार्थिक मानून पोपला वरचा मान दिला. इटलीतल्या पदुआचा विचारवंत मार्सिलियस याने १३२४ मध्ये उलट सांगितलं: कायद्याचा अधिकार नागरिकांचा, पुरोहितांकडे दंडशक्ती नको. १३२७ मध्ये पोपने त्याचा निषेध केला.

इस्लामी जगात असं चर्च नव्हतं. तिथला प्रश्न होता, शरियतचा अर्थ लावायचा कुणी?