पहिला फ्रेंच ऑपेरा बघताना

सुरुवात संगीतकार बिझेच्या 'कार्मेन'पासून करा, पण रेकॉर्डिंग घेण्याआधी त्यात कुठली आवृत्ती आहे ते बघा. पॅरिसच्या ऑपेरा-कोमिक नाट्यगृहात ३ मार्च १८७५ला झालेल्या पहिल्या प्रयोगात गाण्यांच्या मध्ये चक्क बोललेले संवाद होते. बिझे गेल्यावर त्याच्या संगीतकार मित्राने, गिरोने, व्हिएन्नासाठी त्या जागी गायचे संवाद रचले. त्यात नायक डॉन होजेचा पूर्वेतिहास गळतो, मग त्याचा संताप उगाच वाटतो. गाणं संपून वाद्यवृंद थांबला आणि पात्रं बोलू लागली, की समजा मूळ रूप आहे. वाद्यवृंद-संचालक गार्डिनरचा २००९चा, ऑपेरा-कोमिकमधलाच प्रयोग तसाच आहे.

ऑफेनबाखचा 'हॉफमन' हा ऑपेरा अपुरा राहिला, त्यामुळे वेगवेगळ्या निर्मितींत अंकांचा क्रमही बदलतो; कथासार त्याच डिस्कच्या पुस्तिकेतलं वाचा. बर्लिओझचा पाच अंकी 'ले त्रॉयां' सुमारे चार तासांचा. एवढ्यात नको!