इमशोमध्ये नकाशा उलटा येतो, आकडे मात्र सुलटे: वाय-अक्षाची दिशा कशी ठरवावी?

अक्षांश-रेखांशांवरची तापमानाची सारणी मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढणाऱ्या संग्रहातील ‘इमशो’ने (सारणीचे चित्र काढणाऱ्या आज्ञेने) काढली की दक्षिण गोलार्ध वर जातो आणि ‘इन्व्हर्ट वायअॅक्सिस’ वापरल्यावर नकाशा सुलटा होऊन आकडे उलटतात, अशी तुमची अडचण आहे. याचे कारण असे की ही आज्ञा फक्त अक्ष फिरवते. कोणती ओळ कोणत्या आकड्यासमोर बसली आहे, याला ती हात लावत नाही, त्यामुळे चित्र आणि आकडे दोन्ही एकदमच फिरतात.

खरी गोम ‘ओरिजिन’मध्ये, म्हणजे सारणीची सुरुवात वर की खाली हे ठरवणाऱ्या ‘इमशो’च्या पर्यायात आहे. त्याचे मूळ मूल्य ‘अपर’ असल्यामुळे सारणीची शून्यावी, म्हणजे पहिली ओळ सर्वांत वर काढली जाते, जे छायाचित्रासाठी योग्यच आहे. ‘एक्स्टेंट’ (दोन्ही अक्षांच्या सीमा) दिला नसेल, तर वाय-अक्षही वरून खाली वाढतो आणि निदान विसंगती तरी राहत नाही. पण तुम्ही ‘एक्स्टेंट’मध्ये ०, ३६०, -९०, ९० असे दिले की अक्ष खालून वर वाढू लागतो, शून्यावी ओळ मात्र वरच राहते. तुमच्या सारणीत ती ओळ -९० अंशांची असल्याने ती ९०च्या खुणेजवळ जाऊन बसते, आणि सॉफ्टवेअर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. येथे ‘ओरिजिन’ला ‘लोअर’ हे मूल्य द्यावे आणि अक्ष फिरवण्याची आज्ञा काढून टाकावी.

मात्र हे मूल्य डोळे झाकून सगळीकडे वापरू नये. हवामानाच्या बऱ्याच फायलींत, उदाहरणार्थ ईआरए५ या जागतिक हवामान-विदासंचात, अक्षांश ९०पासून -९०कडे उतरत जातात. तेथे ‘अपर’च बरोबर ठरते. म्हणून आधी अक्षांशांच्या यादीतील पहिला आकडा छापून पाहावा. माझ्या मते अशा सारणीसाठी मॅटप्लॉटलिबचीच ‘पीकलरमेश’ ही आज्ञा अधिक भरवशाची आहे, कारण तिला रेखांश आणि अक्षांश थेट देता येतात आणि क्रम चढता असो वा उतरता, प्रत्येक चौकट आपल्या जागी पडते.

शंका उरलीच तर ३ ओळी आणि ४ स्तंभांची शून्यांची सारणी घेऊन शून्याव्या ओळीच्या शेवटच्या स्तंभात १ ठेवावा. ‘लोअर’मध्ये उजवीकडची खालची चौकट उजळली पाहिजे. आकृती ३ रुंद आणि ४ उंच आली, तर सारणीची ओळ-स्तंभ अदलाबदल आधीच कोठेतरी झालेली असते, आणि तो दोष ‘ओरिजिन’ बदलून जाणार नाही.

समुद्राच्या खोलीसारखा अक्ष मुद्दाम खाली वाढवायचा असेल, तर ‘सेट वायलिम’ या वाय-अक्षाच्या सीमा ठरवणाऱ्या आज्ञेत ५००, ० असा उलटा क्रम द्यावा. कारण सामायिक वाय-अक्षाच्या दोन आलेखांवर ‘इन्व्हर्ट’ची आज्ञा दोनदा चालवली, तर अक्ष पुन्हा मूळ दिशेला येतो.