पुण्यातल्या स्त्री सुधारकांमध्ये सावित्रीबाईंनंतर कोणाबद्दल वाचावं?

सावित्रीबाई फुल्यांबद्दल वाचून झालं, आता पुण्यातली पुढची कोण, असं तुम्ही विचारलंय. माझं मत रमाबाई रानड्यांना. पंडिता रमाबाईंचं नाव बरेच जण सुचवतील, त्यातही काही वावगं नाही. पण रानडेबाईंची ओळख अजून ‘न्यायमूर्तींची पत्नी’ इथेच अडकलीय. अकराव्या वर्षी लग्न, नवऱ्यानं शिकवलं, घरातल्या बायकांनी त्यावरून छळलं, एवढी गोष्ट टीव्हीमुळे घरोघरी ठाऊक आहे.

याला थोड्याफार बाई स्वतःच जबाबदार! त्यांनी लिहिलेल्या आठवणी १९१० साली छापून आल्या, पण त्या थांबतात १९०१ मध्ये, रानडे गेले तिथे. आणि बाईंचं मोठं काम तर त्यानंतरचं.

नवरा गेल्यावर त्या मुंबईहून पुण्याला परतल्या, मंडईजवळच्या जुन्या घरात. १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन उभं राहिलं, बायकांना शिकवून स्वतःच्या पायावर उभं करणारी संस्था. समाजसेवक गोपाळ कृष्ण देवधर सोबतीला होते. लक्ष्मी रोडवर साड्या घ्यायला जाणाऱ्या निम्म्या बायका त्या दारावरून जातात, असो. मला सगळ्यात धाडसाचं वाटतं ते ससून रुग्णालयाच्या मदतीनं चालवलेलं नर्सिंगचं शिक्षण. सोवळं पाळणाऱ्या घरातली विधवा कुठल्याही जातीच्या रोग्याचं अंग पुसणार, रात्रपाळी करणार, हे पुण्याच्या पेठांना पचणं सोपं नव्हतं. पण हातात पगार आला की दिराच्या घरी दोन वेळच्या जेवणासाठी राबायला नको, हा हिशेब त्या बायकांना बरोबर कळला.

दुसरी गोष्ट १९२० च्या सुमाराची. नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. पैसा अपुरा, तेव्हा आधी मुलगे, मुलींचं मागाहून बघू, असा सूर होता. टिळकपक्षाचंही म्हणणं तेच. रमाबाई साठीच्या उंबरठ्यावर, तरी बायकांना घेऊन रस्त्यावर उतरल्या. टिळकांच्या पुण्यात टिळकांविरुद्ध बायकांचा मोर्चा! शाळेच्या पुस्तकात मला हे कधी भेटलं नाही.

आठवणी जरूर वाचा, मराठी फार गोड आहे. पण आधी सेवासदनाबद्दल मिळेल ते वाचा, आठवणी मग हातात घ्या. उलट क्रमानं वाचलंत तर त्या तुम्हाला रानड्यांचंच चरित्र वाटतील.