पोस्टग्रेसच्या सर्व्हरची डिस्क वाढवून घेतली, तरी जागा तेवढीच का दिसते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमधल्या एका द्राक्ष निर्यातदाराचा सर्व्हर तुम्ही सांभाळता. उबुंटू, एलव्हीएम (डिस्कची जागा लवचिकपणे वाटणारी लिनक्सची व्यवस्था), त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस. होस्टिंगवाल्याकडून डिस्क 100 जीबीची 200 करून घेतली, पैसे भरले, पण डीएफ (फाइलसिस्टीमची जागा दाखवणारी कमांड) मारलं की अजून 98 जीबीच, तेही 96 टक्के भरलेले. डेटाबेस बंद न करता जागा वाढेल का, आणि सीझन संपल्यावर डिस्क परत लहान करता येईल का?

वाढेल. लहान करणं मात्र जवळजवळ विसरा. ते शेवटी सांगतो.

द्राक्षवाल्यांचाच सर्व्हर आहे, तर त्यांच्याच बागेतून सांगतो. शेजारचा एकर विकत घेतला म्हणून मांडव आपोआप तिकडे पसरत नाही. मोजणी होते, हद्दीचे दगड सरकतात, सात-बाऱ्यावर क्षेत्र चढतं आणि सगळ्यात शेवटी अँगल आणि तारा येतात. होस्टिंगवाल्याने तुम्हाला नुसती जमीन दिली आहे. तिच्यावरचं पार्टिशन (डिस्कचा आखलेला तुकडा), पीव्ही (एलव्हीएमच्या ताब्यात दिलेला तो तुकडा), एलव्ही (त्यातून काढलेला व्हॉल्यूम) आणि फाइलसिस्टीम अजून जुन्या हद्दीतच बसलेत. डीएफला फक्त मांडव दिसतो.

पण कमांड मारायच्या आधी डिस्क भरली कशाने ते बघा. हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, मला महागात पडलंय. निफाड तालुक्यातल्या एका पॅकहाऊसचा सर्व्हर माझ्याकडे होता. फेब्रुवारीचा महिना, कंटेनर भरायची घाई, आणि रात्री 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. मी 100 ची 200 केली आणि झोपलो. आठवड्याभरात परत तेच. 300 केली. तेव्हा कुठे डेटा डिरेक्टरीत शिरून डीयू (कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते सांगणारी कमांड) मारायची बुद्धी झाली. टेबलं सगळी मिळून 70 जीबीसुद्धा नव्हती. बाकी सगळं पीजी वॉल फोल्डरमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद पोस्टग्रेस आधी तिथल्या वॉल फायलींत करतं), 16 एमबीच्या फायलींचा डोंगर. रिपोर्टसाठीचा दुसरा सर्व्हर कुणीतरी बंद करून टाकला होता, पण त्याचा रिप्लिकेशन स्लॉट, म्हणजे त्याने कुठवरचं वॉल घेतलं याची खूण, मूळ सर्व्हरवर तसाच राहिला होता. तो सर्व्हर कधीतरी येईल आणि मागेल म्हणून पोस्टग्रेस एकही वॉल फाइल सोडत नव्हतं. स्लॉट ड्रॉप केला, चेकपॉइंट (साचलेले बदल डेटा फायलींत उतरवायचा हुकूम) दिला, जागा मोकळी.

म्हणून आधी पीजी रिप्लिकेशन स्लॉट्स हा व्ह्यू बघा. ॲक्टिव्हच्या रकान्यात फॉल्स दिसला आणि त्या स्लॉटचा कुणी वाली नसेल, तर चोर सापडला. अर्काइव्ह कमांड (वॉलची प्रत दुसरीकडे साठवणारी) फेल होत असेल तरी वॉल असंच साचतं. पोस्टग्रेस 13 पासून स्लॉटने किती वॉल धरून ठेवावं याला मर्यादा घालता येते, ती घाला. आणि घाबरून पीजी वॉलमधल्या फायली हाताने उडवू नका. नावावरून लॉगसारख्या वाटतात, पण त्या गेल्या तर डेटाबेस उठेलच याची खात्री नाही.

जुन्या रेकॉर्डवर डिलीट मारून जागा मिळेल हाही भ्रम. साधं व्हॅक्यूम (पोस्टग्रेसची सफाईची कमांड) ती जागा त्याच टेबलाला पुन्हा वापरायला देतं, ऑपरेटिंग सिस्टीमला सहसा परत देत नाही. व्हॅक्यूम फुल देतं, पण त्यासाठी टेबलाची नवी प्रत लिहितं, म्हणजे जागा आणखी लागते, आणि तोवर टेबल पूर्ण लॉक. भरलेल्या डिस्कवर त्याचा उपयोग नाही.

आत्ता श्वास घ्यायला जागा हवी असेल तर एक युक्ती आहे. ईएक्सटी4 ही फाइलसिस्टीम बनवताना 5 टक्के जागा रूटसाठी (मुख्य ॲडमिन खात्यासाठी) राखली जाते आणि पोस्टग्रेस रूट म्हणून चालत नाही, त्यामुळे ती त्याला मिळत नाही. ट्यूनटूएफएस या कमांडने ती 1 टक्क्यावर आणलीत की 98 जीबीतले जवळपास 4 जीबी जागच्या जागी मिळतात, रीस्टार्ट न करता.

आता मुख्य काम. बॅकअप घ्या, दुसऱ्या मशीनवर. मग एलएसबीएलके, म्हणजे डिस्क आणि पार्टिशनं दाखवणारी कमांड. डिस्क तिथेही 100 च दिसत असेल तर कर्नलला नवी जमीन कळलेलीच नाही. रीस्कॅन करावं लागेल. 200 दिसत असेल तर ग्रोपार्ट, त्याने पार्टिशन वाढतं. त्याला डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा आकडा मध्ये जागा सोडून द्यायचे, एसडीए आणि 3 असे सुटे; जोडून लिहिलं की चालत नाही. तुमचं पार्टिशन डिस्कवर शेवटचं असेल तरच ते वाढतं. त्याच्या मागे स्वॅपचं (रॅम कमी पडली तर वापरायचं) पार्टिशन ठाण मांडून बसलं असेल तर आधी त्याला हलवावं लागतं.

त्यानंतर पीव्हीरिसाइझ, त्याने पीव्ही नव्या हद्दीपर्यंत जातो. मग व्हीजीएस मारून व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (पीव्हींच्या एकत्र साठ्यात) मोकळी जागा आली का ते बघा. (नवीन सर्व्हर असलेल्यांनी खरं तर इथूनच सुरुवात करावी. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम घेतल्यावर बऱ्याचदा सगळी जागा व्हॉल्यूमला देत नाही, मोकळी ठेवतो, आणि लोक असलेली जागा सोडून नवीन विकत घेतात.)

शेवटी एलव्हीएक्सटेंड, हायफन आर लावून, म्हणजे फाइलसिस्टीमही सोबतच वाढते. आकड्याआधी अधिकचं चिन्ह विसरू नका: '+80जी' म्हणजे आणखी 80, नुसतं '80जी' म्हणजे एकूण 80. सगळी मोकळी जागा एकदम देऊ नका. दहा-पंधरा जीबी व्हॉल्यूम ग्रुपमध्ये राहू द्या. पुढच्या अशा रात्री तीच उपयोगी पडते. हायफन आर न लावता दोन पायऱ्यांत करणार असाल, तर ईएक्सटी4 ला रिसाइझटूएफएस लागतं, त्याला डिव्हाइस द्यायचं. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टीम असेल तर एक्सएफएस ग्रोएफएस, त्याला माउंट केलेली जागा द्यायची. दोन्ही चालू डेटाबेसखाली होतं. मी दुपारी बारा वाजता, बिलं निघत असताना केलंय, कुणाला कळलंही नाही.

लहान करण्याचं: ईएक्सटी4 कमी होते, पण अनमाउंट करून, तपासणी करून, आणि आधी फाइलसिस्टीम मग एलव्ही याच क्रमाने. क्रम उलटा झाला की शेपटाकडचा डेटा गेला. एक्सएफएस तर व्यवहारात लहान होतच नाही. शिवाय क्लाउडवाले साधारणपणे डिस्क वाढवून देतात, कमी करून देत नाहीत. मार्ग एकच, लहान नवी डिस्क घेऊन डेटा तिकडे हलवायचा, आणि त्यासाठी डेटाबेस थोडा वेळ थांबवायचा. त्या निफाडच्या पॅकहाऊसला तो थोडा वेळ कधीच मिळत नाही. डिस्क अजून 300 जीबी आहे, आत डेटा 90, आणि दर महिन्याला बिल आलं की मालकांचा मला फोन असतो.