फवारा नंतर बघू, आधी मागचं फाटक उघडा

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नागपुरात सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूच्या दक्षिणेला, महाल-इतवारीच्या मधल्या भागात तुमची जुनी बाग. मेट्रो स्टेशन चालत सात-आठ मिनिटांवर. बागेत संध्याकाळी पत्त्यांचे डाव आणि रिकाम्या बाटल्या, घसरगुंडी फुटलेली, बायका-मुलं फिरकत नाहीत. आता थोडा निधी मिळायची चिन्हं आहेत आणि मोहल्ल्याच्या बैठकीत ओपन जिम, रंगीत फवारा, सेल्फी पॉइंट अशी यादी झाली आहे. यात काय ठेवावं, काय गाळावं?

माझं ऐकाल तर ती यादी सध्या खिशात ठेवा आणि पहिला रुपया बागेच्या भिंतीबाहेर खर्च करा. बाग बिघडली म्हणून लोक यायचे थांबले असं आपण धरून चालतो. आमच्याकडे उलटं झालं होतं. आधी लोकांना येणं अवघड झालं, मग बाग बिघडली.

आमची बागही जुन्या वस्तीतलीच, कडुनिंब आणि चिंचेच्या सावलीची. तिच्या समितीत मी ११ वर्षं काढली, त्यातली पहिली चार वाया घालवली. आम्हीही जिमच मागितली होती. मिळाली. हारतुरे झाले, दोन महिने पोरं लटकली, मग सायकलचं पेडल गेलं, मग सीट गेली. फवाऱ्याचं तर विचारूच नका. पंप जाम झाला, टाक्यात डास झाले आणि शेवटी आम्हीच अर्ज करून त्यात माती भरून घेतली. आज तिथे कर्दळ आहे. चांगली फुलते.

शहाणपण आलं ते एका मंगळवारी. समितीतल्या एक काकू म्हणाल्या, ‘‘बैठका लय झाल्या, एक दिवस फाटकाशी बसून मोजा तरी, कोण येऊन राहिलं ते.’’ वही घेऊन संध्याकाळी ५ ते ७ बसलो. बायका किती, म्हातारे किती, एकटी आलेली बाई किती, असं वेगवेगळं लिहिलं. ३१ माणसं आली, त्यात बायका ४, आणि एकटी एकही नाही.

ही युक्ती जुनी आहे. न्यूयॉर्कच्या भर वस्तीतल्या ब्रायंट पार्कची १९७० च्या दशकात अशीच दशा होती, आत उघड उघड गांजा-गर्दचे सौदे चालत. विल्यम व्हाइट नावाचा अभ्यासक सार्वजनिक जागी तासन्‌तास बसून माणसं मोजत असे. बायकांचं प्रमाण कमी दिसलं की जागेत काहीतरी खोट आहे असं तो धरायचा. त्या बागेबद्दल त्याचं निदान साधं होतं: बाग रस्त्यापेक्षा उंचावर, भोवती झुडपं आणि कठडे, आत शिरायच्या वाटा थोड्या, त्यामुळे बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. पुढे झुडपं काढली, वाटा वाढवल्या, हलवता येतील अशा सुट्या खुर्च्या ठेवल्या आणि १९९२ मध्ये बाग नव्याने उघडली. तेवढा पैसा आपल्याकडे नाही, आणि सुट्या खुर्च्या ठेवायचा सल्ला तर मी इतवारीत देणारच नाही. पण रस्त्यावर उभं राहून आत दिसतं का, हे बघायला पैसे लागत नाहीत. आमच्याकडे मेंदीचं कुंपण डोक्याच्या वर गेलं होतं. ते कंबरेइतकं छाटलं आणि झाडांच्या खालच्या फांद्या पुरुषभर उंचीपर्यंत काढल्या. फांद्या छाटायलाही १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी घ्या, नाहीतर पहिली तक्रार तुमच्यावरच होईल.

आता मागच्या फाटकाची गोष्ट. आमच्या बागेला फाटकं दोन, पुढचं मोठ्या रस्त्यावर आणि मागचं एका ओळीत, म्हणजे गल्लीत, उघडणारं. मागच्याला कुलूप. कधीपासून, ते कुणालाच आठवत नव्हतं. किल्लीच्या भोकात गंज बसून ते कुलूप कडीचाच भाग झालं होतं. आतल्या बाजूने भिंतीला लागून पोरांनी चार विटा रचलेल्या, वरची वीट पाय घासून घासून गुळगुळीत. म्हणजे वाट चालूच होती, फक्त ज्याला भिंत चढता येते त्याच्यासाठी. मागच्या वाड्यांतल्या आजीला बागेत यायचं तर आख्खा वळसा घालून, मोठ्या रस्त्याच्या कडेने, उभ्या केलेल्या गाड्यांमधून वाट काढत यावं लागायचं. कोण येतं मग?

आम्ही पत्र दिलं. उत्तर आलं, चौकीदार एकच आहे, दुसरं फाटक उघडलं तर सुरक्षेचा प्रश्न येईल. सात महिने तेच उत्तर. शेवटी ओळीतल्या दोन घरांनी लेखी दिलं की सकाळी उघडणं आणि रात्री लावणं आमच्याकडे. कुलूप तोडलं त्या आठवड्यात काहीच बदललं नाही. दुसऱ्या महिन्यात आज्या आल्या, त्यांच्यासोबत नातवंडं, आणि नातवंडांना न्यायला सुना. पत्त्यांचा डाव उठवायला पोलीस लागले नाहीत, ती मंडळी आपणच कोपऱ्यातल्या चिंचेखाली सरकली. अजूनही बसतात. त्यातले दोघं आता वाहता नळ दिसला की उठून बंद करतात.

फाटकाचं बोलतोच आहे तर एक सांगून ठेवतो. मोटारसायकली शिरतात म्हणून लोक फाटकात आडवे-तिडवे पाइप रोवतात. त्यातून बाबागाडी जात नाही, व्हीलचेअर तर नाहीच. आणि व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवली की स्कूटरही जाते, हे खरं आहे. त्याला पाइपाचा इलाज नाही, फाटकाशी माणूस हवा. आमच्याकडे ते काम चणे-फुटाणेवाल्याने केलं. त्याला अतिक्रमण म्हणून हटवायला निघालेले लोक आमच्याच समितीत होते! संध्याकाळी सहा ते नऊ फाटकाशी दिवा लावून बसलेला माणूस आपण फुकटात हाकलत होतो. फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा आणि शहर फेरीवाला समिती त्यासाठीच आहे. हातगाड्या चालायच्या पट्ट्यातून बाजूला एका रांगेत लावून घ्या, उठवू नका.

तुमचा खरा पेच मात्र सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू. डिसेंबर २०२२ मध्ये मेट्रो प्रजापती नगरपर्यंत गेली आणि दोसर वैश्य चौक, अग्रसेन चौक, चितार ओळी चौक अशी स्टेशनं जुन्या बाजाराला भिडली. नकाशावर तुमची बाग स्टेशनाजवळ आहे. पायांनी जवळ आहे का ते बघायला एक संध्याकाळ द्या. घरातलं सत्तरीचं कुणीतरी आणि एक लहान मूल सोबत घ्या, स्टेशनाच्या जिन्यापासून बागेच्या फाटकापर्यंत चाला आणि किती वेळा फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरावं लागलं ते लिहा. दर ठिकाणी कारण लिहा: नालीवरची फरशी फुटलेली, विजेच्या डीपीचा डबा मधोमध, दुकानाची पायरी पुढे आलेली, स्कूटर लावलेली. स्टेशनाचा जिना कोणत्या बाजूला उतरतो, आणि तिकीट न काढता आतून पलीकडे जाता येतं का, तेही बघा. जाता येत असेल तर अर्धं काम झालं, नुसत्या पाट्या लावून घ्यायच्या.

मागणी करताना ‘फुटपाथ चांगला करा’ असं लिहू नका, मापं लिहा. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शिका आहे, आयआरसी १०३. तिच्या २०१२ च्या आवृत्तीनुसार रहिवासी भागात चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, व्यापारी भागात २.५ मीटर, आणि कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. जुन्या नागपुरात अडीच मीटर कुठून आणणार, हे मलाही कळतं. पण दीड मीटर मिळाला तरी तो सलग मिळाला पाहिजे. मध्ये तीन ठिकाणी तुटलेल्या रुंद फुटपाथपेक्षा अरुंद सलग फुटपाथावर आजी चालते. सिग्नलचंही गणित मांडा. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. १५ मीटर रस्त्याला साडेबारा सेकंद झाले. गुडघे धरलेली आजी ०.८ मीटरने चालते, तिला १९ सेकंद लागतात. हे एवढं लिहून दिलं की समोरच्या साहेबाला ‘बघतो’ म्हणणं जरा जड जातं.

झेब्रा पट्टे कुठे मागायचे हे ठरवायला सर्वेक्षणाची गरज नाही. आमच्या रस्त्याच्या दुभाजकावर लोखंडी कठडा होता. त्यात एका जागी सळई वाकवलेली, माणूस आडवा होऊन निघेल एवढी, आणि त्या दोन सळयांवरचा रंग कपडे घासून उडालेला. शंभर पावलांवर रीतसर क्रॉसिंग होतं, तिथून कुणी जात नव्हतं. लोक जिथून जातात ती जागा त्या सळईनेच दाखवली होती, आणि पट्टे अखेर तिथे आले. दोन वर्षं लागली, कारण रस्ता एका खात्याचा, दुभाजक दुसऱ्याचा, सिग्नल तिसऱ्याचा आणि बाग चौथ्याची. म्हणून आधी रस्ता नेमका कुणाकडे आहे ते माहितीच्या अधिकारात विचारून घ्या. बागेच्या जागेची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढून ठेवा, भिंतीला लागून कुणी छपरी टाकली असेल तर तिथेच कळतं.

आत काय करायचं ते थोडक्यात. पेव्हर ब्लॉकचा मोह आवरा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि तिच्यावर थेट बसवलेले ब्लॉक दोन पावसाळ्यांत दात पडल्यासारखे होतात. फूट-दीड फूट काळी काढून मुरूम दाबून भरला तरच टिकतात. झाडाच्या बुंध्याभोवती मीटरभर माती उघडी राहू द्या. दिवे झाडांच्या वर नकोत, फांद्यांखाली हवेत. स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी नसेल तर बायका अर्ध्या तासात परत जातात, तेव्हा फवाऱ्याचे पैसे तिकडे वळवा.

आणि दुपारची वेळ. बरीच उद्यानं दुपारी कुलूपबंद असतात. मे अखेरच्या नवतपात पारा ४५ च्या वर चढतो तेव्हा इतवारीतले हमाल, कपडा बाजारातल्या दुकानांवरची पोरं डबा खायला सावली शोधत फिरतात, आणि मोहल्ल्यातली सर्वांत दाट सावली कुलपाआड रिकामी असते. ‘ते लोक येतील, झोपतील’ असं तुमच्या बैठकीत कुणीतरी म्हणेलच. झोपू द्या की. दुपारी माणसांची जाग असलेल्या बागेत संध्याकाळी बाटल्या कमी सापडतात, आमच्या सफाईवाल्या बाईंचा हिशेब आहे हा. त्यासाठी फाटकापर्यंतच्या वाटेलाही सावली लागते. करंज, कडुनिंब, बकुळ लावा. कोनोकार्पस हे भराभर वाढणारं परदेशी झाड कुणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा.

क्रम विचाराल तर या महिन्यात मोजणी आणि चालून बघणं, पुढच्या महिन्यात फाटक आणि छाटणी, मग फुटपाथ-क्रॉसिंगचं पत्र. जिम त्यानंतरच्या वर्षी मागा, हवी असेल तर. तोवर आलेल्या बायकांनाच विचारा, त्या बहुधा झोपाळा मागतील.

तुमच्याकडच्या दुभाजकातही अशी एखादी वाकलेली सळई असणारच. तिचा फोटो आजच काढून ठेवा. मारबतीच्या मिरवणुकीच्या आधी त्या भागात डागडुजी आणि रंगकाम निघतं, तेव्हा सळई सरळ करून टाकतील आणि तुमचा पुरावा जाईल.