माझ्या १२ वर्षांच्या मुलाचं एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारं आतलं लिगामेंट) फाटलंय, वाढ पूर्ण होईपर्यंत ऑपरेशन थांबवावं का?

नुसतं वय १२ आहे म्हणून थांबू नका. भीती कशाची असते तर गुडघ्याच्या वर-खाली, मांडीच्या आणि नडगीच्या हाडात ग्रोथ प्लेट असतात, पायाची बरीचशी उंची तिथूनच वाढते, आणि ऑपरेशनमध्ये नवं लिगामेंट बसवायला हाडात ड्रिल करताना त्यांना धक्का लागला तर पाय आखूड राहू शकतो किंवा वाकडा वाढू शकतो. पण थांबण्यातही धोका आहेच, गुडघा सारखा सटकत राहिला की आतली गादी म्हणजे मेनिस्कस फाटत जाते, आणि ती एकदा खराब झाली की आयुष्यभराचं दुखणं.

आधी डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्सरे काढून हाडांचं वय बघतात, कारण १२ वर्षांच्या दोन मुलांची वाढ सारखी नसते. बरीच वाढ बाकी असेल तर ग्रोथ प्लेट टाळून ऑपरेशन करता येतं, थोडीच उरली असेल तर प्लेटमधूनच बारीक, उभं भोक पाडून नुसता टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) ओवतात, हाडाचा तुकडा असलेला ग्राफ्ट (लिगामेंटच्या जागी बसवायचा तुकडा) तिथे नको, तो प्लेटमध्ये बसला तर वाढ अडू शकते. म्हणून लहान मुलांची ही ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जनच शोधा, हे फार महत्त्वाचं.

आणि खेळायची घाई अजिबात नको प्लीज! निदान ९ महिने, जमलं तर वर्षभर थांबवा, दोन्ही मांड्यांची ताकद जवळपास सारखी झालीय का ते मोजून घ्या, कारण या वयात पुन्हा फाटण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असतं, कधीकधी तर दुसऱ्याच पायाचं फाटतं.